१९३९ चा रुपया: किती मोजायचे ते आधी ठरवा

ब्रिटिशकालीन रुपये जमवणाऱ्यांच्या अल्बममध्ये एक खण वर्षानुवर्षं रिकामा राहतो. सहाव्या जॉर्जचा, मुंबई टांकसाळीचा, १९३९ सालचा चांदीचा रुपया. १९३८ चा सहज मिळतो, चाळीसनंतरचे हवे तितके मिळतात, आणि मधला हा एकच अडून बसतो. मग एक दिवस एखाद्या प्रदर्शनात, ओळखीच्या डीलरकडे किंवा लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तो दिसतो आणि छातीत धडधड सुरू होते. नेमक्या त्याच क्षणी किंमत ठरवायला बसलात तर जास्त मोजणार, हे नक्की. म्हणून आकडा त्याच्याआधी, घरी, वहीत लिहून ठेवायचा. तो कसा काढायचा, ते या लेखात सांगतो. उदाहरण १९३९ चं घेतलंय, पण रीत कुठल्याही हव्याहव्याशा नाण्याला लागू पडते.

हा रुपया महाग का, हे आधी समजून घ्या

१९४० साली सरकारनं रुपयातली चांदी अकरा-द्वादशांशावरून निम्म्यावर आणली. युद्ध सुरू झालेलं, लोक चांदीचे रुपये दाबून ठेवायला लागलेले. पुढच्या काही वर्षांत जास्त चांदीचे जुने रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढून घेण्यात आले आणि त्यातले कितीतरी वितळले. जुन्या कसाच्या रुपयांचं शेवटचं साल १९३९. संग्राहकांच्या हाती फार थोडे लागले आणि मागणी मात्र प्रत्येक संग्राहकाची, कारण त्याच्याशिवाय संच पुरा होत नाही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. नाण्याचं वय किंमत ठरवत नाही. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया यापेक्षा ७७ वर्षांनी जुना आहे, पण तो इतका मुबलक आहे की साध्या प्रतीत चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे पडतात. १९४७ चा निकेलचा, वाघाचा रुपया ‘स्वातंत्र्याच्या वर्षाचा दुर्मिळ’ म्हणून विकायला ठेवलेला दिसतो. तो अजिबात दुर्मिळ नाही. किती उरलेत आणि किती जणांना हवेत, या दोन प्रश्नांपलीकडचं जे काही विक्रेता सांगतो ती गोष्ट झाली. गोष्ट जरूर ऐका, पण तिचे पैसे देऊ नका.

तळाचा आकडा: चांदी

जुना चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. आपला पूर्वीचा तोळा तो हाच. त्यात अकरा-द्वादशांश शुद्ध चांदी धरली की १०.६९ ग्रॅम होतात. आजचा चांदीचा भाव ग्रॅममागे जो असेल त्यानं गुणा. हिशेबाला सोपं म्हणून १०० रुपये ग्रॅम धरला तर १,०६९ रुपये. नाणं खोटं निघालं नाही, पण अगदी वाईट प्रतीचं निघालं, तरी इतके पैसे कुठे जात नाहीत.

याच्यावर जे काही देणार आहात ते सगळं दुर्मिळतेचं आणि प्रतीचं मोल आहे. १९३९ च्या रुपयात हा वरचा भाग चांदीच्या कित्येक पट असतो, म्हणूनच त्याची नक्कल करणाऱ्यांची रांग लागलेली आहे.

खरं की खोटं: इथे घाई करायची नाही

१९३९ चे खोटे रुपये तीन वाटांनी येतात. पहिले ओतीव. साच्यात ओतलेले, भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा बोथट, कधी कडेवर जोडाची रेघ. दुसरे नव्या ठशानं ठोकलेले. हे दिसायला चांगले असतात, पण राजाचा चेहरा किंवा फुलांची वेलबुट्टी खऱ्याशेजारी ठेवली की फरक कळतो. तिसरे सगळ्यात घातक: खरा १९३८ चा रुपया घेऊन शेवटच्या आठचा नऊ केलेले. वजन बरोबर, चांदी बरोबर, कड बरोबर, आवाजही बरोबर. फक्त एक आकडा खोटा.

म्हणून तपासणी एकाच कसोटीवर थांबवू नका. निदान दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, एवढं साहित्य प्रत्येक संग्राहकाकडे हवंच.

आधी वजन. न झिजलेला रुपया ११.६६ च्या अगदी जवळ भरतो, वापरलेला थोडा कमी. अकराच्या खाली गेला तर पुढे बघायची गरज नाही. लोहचुंबकाला चिकटला तरीही नाही.

मग घनता. ही घरी करता येते आणि फार थोडे लोक करतात. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यात अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, अंगावर बुडबुडे राहू द्यायचे नाहीत. काटा आता जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खऱ्या १९३९ च्या रुपयाला तो साधारण १.१३ ग्रॅम येतो. ११.६६ ला १.१३ नं भागलं की घनता सुमारे १०.३. आता समजा, कोणी १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचं साल बदलून आणलं, तर तोच आकडा १.२२ च्या आसपास येईल आणि घनता साडेनऊवर उतरेल. वजन दोघांचं सारखंच, म्हणून नुसत्या काट्यावर हे पकडता येत नाही. पाण्यातून काढल्यावर नाणं घासायचं नाही, मऊ सुती कापडानं टिपायचं. विक्रेता पाण्यात घालू देणार नसेल तर ती त्याची मर्जी, पण मग मोठी रक्कम देण्याआधी दुसऱ्या कोणाकडून खात्री करून घेणं ही तुमची अट.

आठाचा नऊ केलेला मात्र या सगळ्यातून सुटतो. तिथे भिंगच लागतं. तारखेतला दुसरा आकडा नऊ आहे आणि शेवटचाही नऊ. दोघांची उंची, जाडी, शेपटीचा बाक ताडून पाहा. शेवटच्या आकड्याच्या आजूबाजूची मोकळी जागा तिरप्या उजेडात फिरवा. कुठे घासल्याची चमक, बारीक ओरखडे, रंगाचा वेगळा ठिपका, आकड्याच्या पायाशी डाख दिल्यासारखी रेघ दिसतेय का? नंतर खात्रीच्या १९३९ च्या मोठ्या फोटोशी आकड्याची जागा जुळवा, किनारीपासून किती आत, अक्षरांपासून किती लांब. शंका राहिली तर नाणं परत ठेवायचं. शंका असलेल्या १९३९ ला १९३८ चीच किंमत.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिक खोक्यातलं नाणं हा मार्ग आहे. त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून नोंद जुळवा आणि तिथे फोटो असेल तर डाग न् डाग जुळवा, कारण खोटी खोकीही बाजारात आहेत. खोक्यासाठी थोडे जास्त मोजणं १९३९ च्या बाबतीत मला पूर्णपणे योग्य वाटतं. तुम्ही खात्री विकत घेता, आणि उद्या विकताना तीच खात्री पुढच्याला देता येते.

प्रत म्हणजे पैसा

एकाच सालाच्या दोन रुपयांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो तो प्रतीमुळे. झीज आधी उंच भागांवर दिसते: राजाच्या मुकुटावरचे मोती आणि नक्षी, कानावरचे केस, भुवई. उलट बाजूला फुलांच्या पाकळ्यांच्या कडा. नाणं एका दिव्याखाली हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर टांकसाळीची मूळ झिलई चक्रासारखी फिरताना दिसते. ती फिरत नसेल आणि नाणं नुसतंच एकसारखं पांढरंफटक चमकत असेल, तर ते धुतलेलं किंवा पॉलिश केलेलं आहे. आपल्याकडे चांदीची भांडी घासतात तशी नाणीही घासलेली असतात. घरातल्यांनी ती प्रेमानं घासली, पण संग्राहकाच्या बाजारात त्यानं मोल उतरतं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट हमखास बघायची. जुने रुपये माळेत ओवण्यासाठी त्यांना कडी डाखत असत. कडी काढून, जागा घासून, नाणं विकायला येतं. मुकुटाच्या वरच्या बाजूची कड भिंगाखाली धरा. तिथले दाते मध्येच सपाट झालेत, किनार किंचित जाड किंवा वेगळ्या रंगाची दिसतेय, तर तिथे डाख होता. छिद्र पाडून भरलेलं असेल तर दोन्ही बाजूंना एकाच जागी नक्षी पुसट दिसते. सराफानं कस बघण्यासाठी मारलेली बारीक खूण हाही असाच दोष. यातलं काही असेल तर नाणं खरं असूनही वरच्या प्रतीच्या भावाला लागत नाही.

प्रतीचं नाव विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. आपण आपली प्रत लावायची आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये घुटमळत असू तर खालची धरायची.

खरे भाव कुठे मिळतात

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलेला आकडा हा भाव नसतो. ती विकणाऱ्याची इच्छा असते. कॅटलॉगमधली छापील किंमत दिशा दाखवते, पण ती छापून किती काळ लोटला ते बघा. भरवशाचा आकडा एकच: कोणीतरी खरोखर मोजलेले पैसे. मुंबई, बंगळूर, अहमदाबाद इथल्या लिलावगृहांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर फोटोंसह पाहायला मिळतात. लंडनच्या लिलावांमध्येही ब्रिटिशकालीन भारतीय नाणी नियमित येतात.

वहीत प्रत्येक विक्रीसाठी एक ओळ ठेवा. तारीख, प्रत, खोक्यातलं की सुटं, दोष, आणि सगळा खर्च धरून पडलेली रक्कम. लिलावाच्या निकालात कधी नुसती हातोड्याची, म्हणजे शेवटची बोली असते, कधी लिलावगृह खरेदीदाराकडून त्यावर घेतं तो प्रीमियम धरून रक्कम असते. दोन्ही एकाच रकान्यात लिहिली की वही निरुपयोगी झाली. विक्री दोन-तीन वर्षांहून जुनी असेल तर तिला कमी वजन द्या. शिवाय फोटो जरूर बघा. बऱ्याचदा कळतं की भाव कमी आला कारण नाण्याची कड ठोकलेली होती.

आता उदाहरण. आकडे फक्त रीत समजावण्यासाठी आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा, तुम्हाला हव्या त्या प्रतीच्या सात विक्री मिळाल्या: ५८, ६१, ६४, ६६, ७०, ७२ हजार आणि एक थेट १ लाख १० हजारांची. सरासरी काढली तर साडेएकाहत्तर हजारांच्या वर जाते, कारण एका विक्रीनं सगळं वर ओढलंय. त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील, किंवा नाणं खरोखर एक पायरी वरचं असेल. क्रमानं मांडून मधला आकडा घ्या: ६६ हजार. हा तुमचा पाया.

समोरचं नाणं याच प्रतीचं पण धुतलेलं आहे. धुतलेल्या नाण्यांच्या नोंदी वहीत असतील तर त्यांचाच आधार घ्या. नसतील तर मी निदान ३० टक्के काढतो, आणि पॉलिश उघड दिसत असेल तर निम्मे. ६६ हजारांतून ३० टक्के गेले की ४६,२०० उरतात. सर्व खर्च धरून कमाल ४६ हजार. वहीत लिहा, खाली तारीख टाका.

लिलावात हा आकडा जसाच्या तसा बोलायचा नाही

हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचा प्रीमियम लागतो, त्यावर कर, मग पाठवणीचा आणि विम्याचा खर्च. टक्केवारी प्रत्येक लिलावगृहाची वेगळी असते आणि कॅटलॉगच्या मागच्या पानांवर नियमांत दिलेली असते. ती वाचल्याशिवाय नाव नोंदवू नका.

समजा प्रीमियम २० टक्के, एकूण रकमेवर कर ५ टक्के, पाठवणी ५०० रुपये. १.२० गुणिले १.०५ म्हणजे १.२६. ४६ हजारांतून ५०० वजा केले की ४५,५००, त्याला १.२६ नं भागा: ३६,१११. म्हणजे तुमची शेवटची बोली ३६ हजार. खोलीत बसून ‘४० च तर झालेत, माझी मर्यादा ४६ आहे’ असं वाटेल, पण ४० हजारांची बोली तुम्हाला ५० हजारांच्या वर पडेल. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि रुपयाचा दरही याच हिशेबात धरा.

आपला ताबा सुटतो असं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लेखी बोली आधीच देऊन टाकावी आणि त्या वेळी घरी बसावं.

हव्यासाला किती जागा द्यायची

छंदात नुसतं गणित चालत नाही, हे मान्य. वीस वर्षं रिकामा असलेला खण भरण्याचा आनंद खरा आहे आणि त्यासाठी मधल्या आकड्याच्या वर थोडं जायला हरकत नाही. किती, ते एका प्रश्नावर ठरवा: हे नाणं पुन्हा कधी दिसेल?

१९३९ चा रुपया महाग असला तरी लिलावांत पुन्हा पुन्हा येतो. आज हुकला तर पुढे येईल. म्हणून मध्यम प्रतीसाठी मी पायाच्या वर ५ टक्क्यांपलीकडे जाणार नाही. मूळ झिलईचा, डागविरहित, निःसंशय खरा नमुना मात्र क्वचित येतो. तिथे १५ ते २० टक्के जास्त देणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. बहुतेकांची उलटी रीत असते. वाईट नाण्याला स्वस्त म्हणून पटकन हो म्हणतात आणि चांगल्यासमोर कचरतात. नंतर वाईट विकून चांगलं घ्यायला जातात तेव्हा दोन्हीकडे पैसे घालवतात.

डीलरकडून घेताना एक प्रश्न सरळ विचारा: ‘हेच नाणं मी वर्षभरानं परत आणलं तर किती द्याल?’ प्रामाणिक डीलर स्पष्ट आकडा सांगतो. तो विक्रीच्या किमतीपेक्षा कमीच असणार, त्याचं दुकान त्यावर चालतं. पण मागताना ‘भाव रोज वाढतोय’ आणि घेताना ‘सध्या उठाव नाही’, असं ऐकू आलं तर किंमत फुगवलेली आहे.

घासाघीस करताना दोष मोठ्यानं मोजून विक्रेत्याला खाली पाडू नका. ‘या प्रतीचे अलीकडचे दोन निकाल असे आहेत, मी इथपर्यंत येऊ शकतो,’ एवढं शांतपणे सांगा आणि नोंदी दाखवा. ज्यांच्याशी वीस वर्षं संबंध ठेवायचेत त्यांच्याशी असंच बोलावं. पुढच्या वेळी चांगलं नाणं आलं की पहिला फोन तुम्हाला येतो.

ज्यांना भाव नाही, अशी नाणी

काही वस्तूंना हे गणित लावायचंच नाही. राम-सीता-हनुमानाचं चित्र आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, असे तांब्या-पितळेचे तुकडे कंपनीनं कधीच पाडले नाहीत. १६१६, १७१७, १८१८ अशी सालं त्यावर कोरलेली असतात. पूजेतला टोकन म्हणून ठेवा, नाणं म्हणून त्याची किंमत शून्य. तांदूळ ओढून घेणारं ‘चमत्कारी’ नाणं ही तर निव्वळ फसवणूक आहे आणि त्यात लोकांनी आयुष्याची पुंजी घालवली आहे. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे निरोप फिरतात. जुनी नाणी-नोटा विकत घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावानं शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. विकण्यासाठी आधी पैसे मागितले की संवाद तिथेच बंद करा.

शिवछत्रपतींचा सोन्याचा होन हा विषय याहून नाजूक. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अस्सल होन फारच थोडे माहीत आहेत आणि नकला गल्लोगल्ली आहेत. अशा नाण्याला बाजारभाव नावाची गोष्ट नसते. ते कुठून आलं, आधी कोणाच्या संग्रहात होतं, कुठे प्रसिद्ध झालं, याची कागदोपत्री साखळी नसेल तर सोन्याच्या भावापलीकडे एक रुपयाही देऊ नका. श्रद्धेपोटी जवळ ठेवायचं असेल तर याच छापाची तांब्याची शिवराई घ्या. शिवकाळानंतर दीर्घकाळ पाडलेल्या दुदांडी (अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) शिवराया आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात मिळतात. नजर तयार करायची तर नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आणि मुंबईच्या फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय, दोन्ही पाहून या. खरी नाणी भरपूर पाहिली की खोटं आपोआप खटकायला लागतं.

पैसे देताना

पक्कं बिल घ्या. त्यावर नुसतं ‘जुनं नाणं’ लिहून चालणार नाही. सहावा जॉर्ज, एक रुपया, १९३९, वजन, प्रत, आणि खोटं ठरल्यास किती दिवसांत पैसे परत, हे लेखी हवं. बिलाच्या मागे नाण्याच्या दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो चिकटवा. घरी नेल्यावर धुवू नका. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, त्यानं चांदीवर हिरवट चिकट थर येतो.

शेतात किंवा पाया खणताना सापडलेली नाणी कोणी विकायला आणली तर हात लावू नका. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्यासाठी भेट म्हणून राणीछाप रुपया बॅगेत टाकण्याआधी हे लक्षात घ्या. आपला १९३९ चा रुपया या शंभराच्या रेषेपलीकडे २०३९ साली जाईल. परदेशातल्या वारसांनी तो तिकडे न्यावा अशी इच्छा असेल तर ते त्याआधीच व्हायला हवं, म्हणून त्याच्या बिलावर हे साल आत्ताच लिहून ठेवा.